समेट आहे, असं म्हणायचं असतं

मंगळवार, २१ एप्रिल

चि. एनोस यास,

सलोमामावशीचा प्रभूमध्ये सलाम.

माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरात कुणी गेलेलं नाही. तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज पानंच्या पानं लिहायला बसलेय, तेव्हा म्हातारीला काय झालं असं म्हणशील. म्हण. तेवढा हक्क तुला आहे.

तुमच्या फोर्ट वेनला अजून थंडी आहे का? त्या उंच छपरांवर काम करताना गळ्याला काही गुंडाळत जा. इकडे ओट पेरून झाले. काळ्या घोडीला शिंगरू झालं आणि माझा अबनेर त्याच्याशी बायकोपेक्षा जास्त बोलतो. त्याच्या वर्नाला सातवा लागलाय, पण हे तू वाचलंच नाहीस असं समज. पाळणा हलल्याशिवाय आपल्याकडे त्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही. माझ्या गुडघ्यांनी मात्र या हिवाळ्यात चांगलाच इंगा दाखवला.

आजी फार थकली आहे. एक्क्याण्णव सरलं. तुझ्या आईने तिला स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत आणलंय, कॉफीत बुडवलेल्या पावाचे दोन घास खाते आणि मान फिरवते. परवा मला तुझी आई समजून म्हणाली, "द्रुसिला, एनोस का गात नाही गं हल्ली?" मी म्हटलं, आई, मी सलोमा. "मग तुला काय माहीत असणार," म्हणाली आणि डोळे मिटले.

आता ज्यासाठी लिहितेय ते. रविवारी सभेची पाळी आमच्याकडे होती, सुतारकामाच्या शेडमध्ये प्रभुभोजनाआधीची सभा झाली. तुला आठवत असेल, सकाळपासून उपदेश, आणि शेवटी डीकन बाकांमधून फिरत एकेकाला विचारतात, देवाशी, मंडळीशी, शेजाऱ्याशी समेट आहे ना? आपण 'आहे' म्हणायचं असतं. चाळीस वर्षं मी म्हणत आले. या खेपेला डीकन एली माझ्यापाशी थांबले आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही."

एलींना हल्ली कमी ऐकू येतं. त्यांनी परत विचारलं. मी परत "नाही" म्हटलं, जरा मोठ्यानं.

"कुणाशी, सलोमा?"

मी नजर वळवली आणि ते पुढच्या बाईकडे गेले.

एकाचा समेट नसेल तर मंडळीत कुणालाच भोजन नाही. बिशप जोनासनी तीन मेला पुन्हा सभा ठेवली आहे. त्या दिवशी सगळे 'आहे' म्हणाले तर सतराला प्रभुभोजन. आजीला शेवटचं एकदा ते घ्यायचंय, रोज विचारते, "आज आहे का?" पण मंडळीनं घेतल्याशिवाय भाकर आणि द्राक्षारस तिच्या खाटेपाशी जाणार नाही. सतरापर्यंत ती टिकेल का, कुणालाच सांगता येत नाही.

काल सोमवार. मी कपडे वाळत घालत होते तर तुझी आई नूडल्सचं पातेलं घेऊन आली. पातेलं टेबलावर ठेवलं आणि सरळ माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकले. म्हणाली, "ताई, माझं काही चुकलं असेल तर क्षमा कर. काय चुकलं ते मला समजत नाही, पण आईसाठी क्षमा कर." तिच्या टोपीच्या नाड्या सुटल्या होत्या.

मागचं उकरून काढायची इच्छा नाही. तुमच्या कोठारात ओटच्या पेटीत फोन आहे, हे मी डीकनांना सांगितलं ते मंडळीच्या भल्यासाठी. आपल्या मंडळीत फोन बाळगायला बंदी आहे, ती काही मी घातलेली नाही. तू गुडघे टेकून कबुली दिली असतीस तर सहा आठवड्यांत सगळं मिटलं असतं. तू "माझा नाही" म्हणालास, मग कुणाचा ते सांगेनास, आणि वाळीत पडलास. यात मी काय करणार होते? तरी तुझ्या मनात माझ्याबद्दल अढी असेल म्हणूनच माझ्या तोंडून 'नाही' निघालं असावं. मला एक ओळ लिहून पाठव की तुझ्या मनात काही नाही. एकच ओळ. म्हणजे तीन तारखेला मला 'आहे' म्हणता येईल आणि आजीला तिचं भोजन मिळेल.

तुझं भलं चिंतणारी,
सलोमामावशी

गुरुवार, ३० एप्रिल

प्रिय एनोस,

तुझं पत्र पोचलं. चार दिवसांत उत्तर दिलंस. "मावशी, माझ्या मनात काही नाही. तुला जे दिसलं ते तू सांगितलंस. आजीला सांग, मी गातो, छपरावर चढलो की." आजीला वाचून दाखवलं. ती हसली, मग तिने कागद मागून घेतला आणि पोटावर ठेवून झोपली.

मला जे हवं होतं ते मिळालं. आता रविवारी जायचं, 'आहे' म्हणायचं, घरी यायचं. मग गेले तीन दिवस माझं मन थाऱ्यावर नाही ते का?

तुला जे दिसलं ते तू सांगितलंस. पोरा, या एका वाक्याने मला मारलंस.

मी उपास केला. प्रार्थनेला बसले की शब्द येत नाहीत, नुसता भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येतो. काल बिशप जोनासकडे गेले. ते नांगराचा फाळ घासत होते, थांबले नाहीत. मी म्हटलं, दोन दिवस जेवले नाही, तरी मनाला शांती नाही. म्हणाले, "सलोमा, देवाला तुझ्या पोटाशी काय करायचंय? तुझी जीभ काय दाबून बसलीय, ते सांग." मी म्हटलं, काही नाही. "मग घरी जा आणि जेव," म्हणाले.

घरी येऊन जेवले. लाज म्हणून उरली नाही बघ.

तर ऐक. तीन वर्षांपूर्वी मी डीकनांकडे गेले, त्या आठवड्यातला सोमवार होता. अबनेरचा काळा कोट धुवायला घेतला आणि खिशात तो फोन हाताला लागला. मी विचारलं, "तुझा?" तो "हो" म्हणाला. मी म्हटलं, संध्याकाळच्या आत हा माझ्या घरातून गेला पाहिजे, कुठे नेतोस ते मला सांगू नकोस. मग कपड्यांच्या दोरीआडून मी पाहत उभी राहिले. तो कुंपण ओलांडून तुमच्या कोठारात गेला आणि हात हलवत परत आला. बुधवारी अंडी द्यायच्या निमित्ताने मी तुमच्याकडे आले आणि पेटीत हात घालून खात्री केली. गुरुवारी डीकनांकडे गेले. म्हटलं, द्रुसिलाच्या कोठारात, ओटच्या पेटीत फोन आहे, आणि तिथे एनोस काम करतो. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

मला माहीत होतं, एनोस. तू समजत आलास की मावशीला खरोखर तसंच वाटलं. तू मावसभावाला पाठीशी घालून गप्प राहिलास, आणि तू का गप्प आहेस हे, तुझी चौकशी झाली त्या खोलीत, अबनेर सोडला तर मला एकटीला कळत होतं. मी तुला वाळीत पडू दिलं.

का, ते मी स्वतःला तीन वर्षं सांगत आले. शरदात अबनेरचं लग्न जाहीर व्हायचं होतं. वर्नाच्या बापाला फोनचं कळलं असतं तर मोडलं असतं. पण हे पुरत नाही. फोन घरातून गेला होता. मी गप्प बसले असते तर कुणालाच काही झालं नसतं. मला डीकनांकडे जायची गरज काय होती?

मला तुझ्या आईचा हेवा वाटायचा. आई तिच्याकडे राहते म्हणून. तू उपासनेत गीत उचललंस की म्हाताऱ्यांचे डोळे भरून यायचे, आणि माझा अबनेर शेजारी नुसते ओठ हलवायचा. आजी एकदा भर पंगतीत आजोबांची आठवण काढून म्हणाली, "द्रुसिलाच्या पोरात यांचा गळा आलाय." माझ्या पोरात काय आलं ते कुणी म्हटलं नाही. आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, एवढ्यावर लोक थांबतात. मी दुसरीचा बाब्या घरातून घालवला आणि वर मंडळीत माझी वाहवा झाली, की सलोमाला भाच्याचीही भीडमुर्वत नाही.

आणि गेल्या आठवड्यात सोमवारी तुझी आई फरशीवर गुडघे टेकून बसली तेव्हा मी काय म्हणाले, ते मागच्या पत्रात लिहायचं टाळलं. मी म्हणाले, "ऊठ, झालं ते झालं. मी मनात ठेवणार नाही." तिने माझे आभार मानले आणि रिकामं पातेलं घेऊन गेली.

रविवारी मी सांगणार आहे. तुझी एक ओळ त्यासाठी वापरणार नाही. ती तू ज्या मावशीला लिहिलीस ती मी नव्हे.

सलोमा

शुक्रवार, ८ मे

एनोस,

आजी काल सकाळी गेली. शेजारच्या इंग्लिश, म्हणजे मंडळीबाहेरच्या, लोकांच्या फोनवरून तुझ्या आईने निरोप दिलाच असेल. हे पत्र टपालात टाकणार नाही. उद्या दफनाला येशील तेव्हा हातात देईन, कारण तुझ्याकडे बघून मला यातलं काहीही बोलता येणार नाही.

रविवारी मी सगळ्यांसमोर बोलले. गुडघ्यांवर बसून, कोटापासून पेटीपर्यंत सगळं. मग बिशपनी अबनेरला विचारलं.

अबनेर उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "आईला आजीच्या काळजीने झोप नाही. तिच्या मनात काहीबाही येतं. माझ्याकडे कधीच फोन नव्हता."

किती सहज म्हणाला. मला राग येईना. हे मीच शिकवलं होतं, 'कुठे नेतोस ते मला सांगू नकोस' म्हणून.

त्यांचा विश्वास त्याच्यावर बसला. का बसू नये? सरळ मुलगा, सुतारकामात हात धरणारा कुणी नाही, बायको अवघडलेली. बाकावर शेजारी बसलेली फॅनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "होतं गं असं, आई जायला लागली की." त्यांनी माझ्यावर दया केली. एवढी वर्षं उराशी धरलेलं पाप शेवटी बाहेर काढलं, तर ते घ्यायला कुणी तयार नाही. खरं सांगितलं की ओझं उतरतं असं आयुष्यभर ऐकत आले. माझं उतरलं नाही, एनोस. प्रभूने मला त्या फरशीवर तसंच सोडलं असं वाटलं, आणि अजून वाटतं.

मग एली बाकांवरून फिरले. आहे, आहे, आहे. मी कबुली दिलेली म्हणून मला वगळलं. सगळ्यांना घाई होती, आजीसाठी. तुझ्या आईपाशी आले.

ती उभी राहिली. तुला माहीत आहे, मंडळीत ती कधी चार शब्द बोलत नाही. म्हणाली, "माझा समेट नाही. माझ्या बहिणीशी नाही. ती खरं बोलतेय, आणि तिने माझा मुलगा माझ्यापासून तोडला."

बिशप म्हणाले, "द्रुसिला, आईचा विचार कर."

"तिला काय सांगायचं ते मी सांगेन. माझा समेट नाही."

म्हणून प्रभुभोजन पुन्हा थांबलं. गुरुवारी पहाटे आजीने विचारलं, "आज आहे का?" तुझी आई म्हणाली, "अजून नाही, आई." तासाभरात ती गेली. मी दाराच्या बाहेर उभी होते. तुझ्या आईने मला आत बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. आम्ही दोघींनी मिळून तिला न्हाऊ घातलं, पांढरा पोशाख चढवला, आणि त्या सगळ्या वेळात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तीन वर्षं ती माझ्याशी गोड वागत होती ते मला सोसत नव्हतं. हेही सोसत नाही, पण हे माझं आहे.

तिच्या त्या 'नाही'मुळे आता चौकशी करावीच लागणार. उद्या दफन झालं की बिशप तुला बाजूला घेऊन विचारतील. तू अबनेरसाठी एकदा गप्प बसलास. पुन्हा बसू नकोस. तो पोराचा बाप होणार आहे, आणि घरात माझ्याशी बोलायचं सोडून शिंगरापाशी जाऊन बसतो. त्याला त्या खोट्यात तसंच ठेवलंस तर साठाव्या वर्षी तो माझ्यासारखा होईल. त्याचा द्वेष करू नकोस. माझा कर.

उद्या जेवणाच्या वेळी तुझं ताट वेगळ्या टेबलावर वाढतील, बाकीच्यांपासून दूर. वाळीत पडलेल्याबरोबर जेवलं तर मंडळी मलाही वाळीत टाकेल, हे मला ठाऊक आहे. मी त्या टेबलावर येऊन बसणार आहे. तू ताट उचलून उठून गेलास तरी मी तिथून हलणार नाही, ती जागा पहिल्यापासून माझीच होती.

मावशी म्हणायचं की नाही हे तुझ्यावर सोडून,
सलोमा