वस्त्रगाळ

चेन्नई
ता. ७ जुलै २०२४

ती. स्व. आबांस,
आशाचा शि. सा. न. वि. वि.

जूनची पुडी परवा मिळाली. पोस्टमनने ती नाकाला लावून हुंगली आणि तमिळमध्ये काहीतरी विचारले. मी आपले औषध म्हणून सांगितले. आपल्या परड्यातला अडुळसा फिजिक्सच्या पीएचडीला लागतो, हे त्याला कुठल्याच भाषेत पटले नसते.

तुम्ही विचारले होते की त्या पुडीचे करतेस तरी काय. पुडीचा काढा करते आणि चांदीच्या क्षाराच्या पाण्यात थेंबथेंब सोडते. पाणी बघता बघता पिवळे होते. आबा, ते पिवळे म्हणजे चांदी! एका केसाच्या जाडीत चार हजार मावतील एवढे तिचे कण. इतकी बारीक झाली की चांदी चांदीसारखी दिसत नाही, तिचा रंग तिच्या आकारावर ठरतो. आईच्या पुडीला गेले चारही महिने एकसारखा पिवळा रंग आला. नाशिकहून माझ्या मार्गदर्शक मॅडमचा फोन होता. आणखी तीन पुड्यांना हाच रंग आला तर प्रबंधाचे प्रकरण पूर्ण आणि मी दिवाळीला घरी. नाही आला तर इथल्या प्रयोगशाळेतला मुक्काम सहा महिन्यांनी वाढणार.

तेव्हा आईला सांगा, काही म्हणजे काही बदलू नको. तेच झुडूप, तीच सावलीतली वाळवण, तेच जाते, तेच लुगड्याचे फडके. रविवारी ती रेंजसाठी टेकाडावर चढून येते खरी, पण धाप लागलेली असते आणि भोवती सगळा पाडा कान देऊन उभा. मनातले काही बोलताच येत नाही. म्हणून पुडीसोबत चिठ्ठी घालत जा. इथे समुद्र आहे, माणसे चांगली आहेत, पण नागलीची भाकरी नाही आणि आईही नाही. फार आठवण येते.

तंबाखू कमी केली का? खरे लिहा.
माया आहे तशीच राहू द्या.
तुमची आशा

हरसूल
ता. २५ जुलै २०२४

चि. आशास,
आबाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र ओट्यावर मोठ्याने वाचले. चांदी पिवळी होते हे ऐकून धाकटा लखन म्हणाला की ताईला सोनाराने फसवले असेल. तुझ्या आईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो बैल बांधायचे निमित्त काढून उठला. भाताची आवणी उरकली. पाऊस बरा आहे.

या वेळची पुडी करताना तुझ्या आईने मला जात्याच्या जवळपास फिरकू दिले नाही. म्हणाली, चुन्याची बोटं घेऊन इकडं यायचं नाय, पोरीचं मोजमाप हाय. मी म्हटले, मी फक्त बघतो. तर म्हणाली, लांबूनच बघा. जन्मभर हिच्या हातची भाकर खाल्ली, पण एवढा जीव ओतून हिने मला कधी वाढले नाही. दळून झाले की फडक्यातून गाळते, परत दळते, परत गाळते. वस्त्रगाळ म्हणजे काय ते मला या वयात कळले.

संध्याकाळी फडके झटकताना तुझे नाव काढते. तू लहानपणी खोकायचीस तेव्हा याच पाल्याचा काढा पाजायची आणि तू थुंकायचीस, ते तिला आठवते.

तंबाखूचे म्हणशील तर कमी केली आहे. म्हणजे डबी लहान घेतली आहे.
जिवाला जप.
तुझा आबा

चेन्नई
ता. १२ सप्टेंबर २०२४

ती. स्व. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

जुलैच्या पुडीने छान पिवळा दिला, पण ऑगस्टच्या पुडीने घात केला. पाणी पिवळे न होता तपकिरी झाले आणि दुसऱ्या दिवशी तळाशी गाळ. कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होताहेत. मी पाणी बदलले, भांडी बदलली, पाच वेळा केले. पाचही वेळा तेच.

घरी काही बदलले का? दुसऱ्या झुडपाचा पाला घेतला का? उन्हात वाळवला का? रागवत नाही, फक्त सांगा. मॅडमही रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की दिवाळीचे तिकीट काढले आहेस का, आणि नसेल तर थांब म्हणाल्या.

आई चार रविवार टेकाडावर आली नाही. गुडघा दुखतो म्हणालात फोनवर. तेल लावते का? तिचा आवाज ऐकला असता तर बरे वाटले असते. आठवण ठेवा.
तुमची आशा

हरसूल
ता. २१ सप्टेंबर २०२४

चि. आशास,
अनेक आशीर्वाद.

काहीही बदललेले नाही. झुडूप तेच, जाते तेच. पावसाने पाला ओलसर राहिला असेल, दुसरे काय. सप्टेंबरची पुडी सोबत पाठवतो आहे. ही नीट बघून केली आहे.

तुझ्या आईचा गुडघा आहे तसाच. ती कामात आहे. तुला आशीर्वाद सांगते. तू मन लावून काम कर, इकडची काळजी करू नको. भात पोटरीत आले आहे. लखन बरा आहे. जास्त काय लिहू.
तुझा आबा

चेन्नई
ता. १० ऑक्टोबर २०२४

ती. स्व. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

सप्टेंबरच्या पुडीलाही तपकिरीच रंग आला. मग मी दोन्ही पुड्या इथल्या मोठ्या यंत्राखाली ठेवल्या. कशात कोणते मूलद्रव्य किती आहे ते हे यंत्र सांगते. आधीच्या पाच पुड्यांत कॅल्शियम अगदी नावापुरते होते, पाल्यात असते तेवढेच. या दोन पुड्यांत ते कितीतरी पट आहे. त्यानेच गुठळ्या होतात. सोबतचा मुलगा म्हणाला की तुमच्या गावची माती चुनखडीची असेल. मी हो म्हटले आणि बाहेर जाऊन जिन्यात बसले.

आबा, हा मातीतला चुना नाही. हा तुमच्या डबीतला आहे. तंबाखू मळलेल्या हातांनी तुम्ही पुडी गाळली आहे. पूडही जाडीभरडी आहे, घाईची. आईने तुम्हाला जात्याजवळ फिरकू दिले नसते. तिच्या अंगात उठायचे बळ असते तर तिने फडक्याला हात लावू दिला नसता.

आईला काय झाले आहे? कागदावर तुम्ही माझ्याशी एकदा खोटे बोललात. दुसऱ्यांदा तुमच्याने लिहवणार नाही, हे मला माहीत आहे. येत्या रविवारी फोनही करते आहे. आईच्या हाती फोन दिल्याशिवाय ठेवणार नाही.
तुमचीच आशा

हरसूल
ता. २६ ऑक्टोबर २०२४

चि. आशास,
अनेक आशीर्वाद.

त्या रविवारी लखनने तुझ्या आईला पाठीवर घेऊन टेकाडावर नेले. तुम्ही दोघी फोनवर नुसत्या रडलात. मग रेंज गेली. म्हणून सगळे आता लिहितो.

चौदा ऑगस्टला मी शेतातून आलो तर ती जात्यापाशी बसल्या जागी कलंडलेली होती. उजवी बाजू गेली होती. लकवा. जीप करून नाशिकला नेले, बारा दिवस दवाखान्यात होतो. तोंडातून पहिला शब्द फुटला तो तुझे नाव, आणि दुसरा, सांगू नका. पोरगी सगळं टाकून येईल म्हणाली. तुझे काम वेळेत संपून तू दिवाळीला घरी यावीस म्हणून आम्ही गप्प बसलो, आणि माझ्याच बोटांनी तुला तिकडे अडकवून ठेवले. ती आत खाटेवर, मी ओट्यावर दळायचो. हाताला सवय, मला कळलेही नाही. तुझ्या यंत्राने चुना धरला तेव्हा मला वाटले, कोणी माझा हातच धरला. डबी ओढ्यात टाकली. हे खरे लिहितो.

तुझे पत्र तिला वाचून दाखवले. चुन्याचे ऐकून ती अर्ध्या तोंडाने हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग मला शिव्या दिल्या, त्या स्पष्ट दिल्या. आणि जाते मागितले. भिंतीला टेकून, डाव्या हाताने, रोज मूठभर. सहा दिवस लागले. गाळायला फडक्याचे एक टोक तिने दातात धरले, पण मला हात लावू दिला नाही. ती पुडी सोबत आहे. म्हणते, आधी मोज, मग ये.

आता ती काठीने परड्यापर्यंत जाते. तुझी वाट बघते. मीही बघतो.
चुकलो, पोटात घे.
तुझा आबा

चेन्नई
ता. ५ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. आबांस व ती. स्व. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आबांनी हे पत्र आईजवळ बसून वाचावे.

पुडी काल आली. आज सकाळी काढा केला. पहिला थेंब सोडला आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पाणी पिवळे होत होते. जुन्या पिवळ्याहून जरासा गडद आहे, पण गाळ नाही, गुठळी नाही. तीनदा केले, तिन्ही वेळा तसाच. मॅडम म्हणाल्या की पुढच्या पुड्या तू स्वतः घरी करून घे, उरलेले नाशिकलाच मोजू. इथला मुक्काम संपला. चुन्याने गुठळ्या होतात हेही प्रबंधात लिहायचे आहे, तेव्हा आबा, तुमची डबी ओढ्यात गेली तरी पीएचडीत राहणार आहे.

दिवाळी इथे एकटीने काढली. करंज्या मेसच्या होत्या. तुम्ही लपवलेत याचा राग आला होता, अजून थोडा आहे. तो घरी येऊन काढीन.

सामान बांधले आहे. सोळा तारखेला दुपारच्या एसटीने हरसूलच्या फाट्यावर उतरते. लखनला घ्यायला पाठवू नका, मी चालत येईन.

आजच्या पिवळ्याची एक लहान बाटली बूच लावून, मेणाने बंद करून साडीत गुंडाळली आहे. पाच महिने एकसारखा, आणि मग डाव्या हाताने पुन्हा उभा केलेला हा रंग मी पाहिला, मॅडमनी पाहिला, यंत्राने पाहिला. आई, तो तू अजून एकदाही पाहिलेला नाहीस.

तुमची आशा