सोळावी ढाल

३ नोव्हेंबर १७६६
बाबांनी आज चिताऱ्याला हाकलून दिलं! दिवाणखान्यातल्या फळीवर पंधरा ढाली रंगवून झाल्या, सोळावी कोरी. मला मठात घालायचं तर सोळाही खापरपणजोबा-खापरपणज्या सरदार घराण्यातल्या हव्यात, प्रत्येकाच्या कुळाची ढाल दाखवून. आणि आमची सोळावी, बार्बारा — बांबेर्गच्या बिअरवाल्याची पोर! चितारी बिचारा एवढंच म्हणाला, "मग पिंप काढू का?"

मला मात्र मनातून उकळ्या फुटताहेत. ढाल नाही तर मठ नाही. मठ नाही तर यॉर्ग! नदीपलीकडच्या गढीतला माझा यॉर्ग संत मार्टिनच्या सणाच्या जेवणाला येऊन मला मागणी घालणार आहे.

७ नोव्हेंबर
बाबा सकाळपासून शीळ घालताहेत. लक्षण बरं नाही.

८ नोव्हेंबर
कळलं! यॉर्गची खापरपणजी तरुणपणी विधवा झाली, पुढे तिचं काय झालं कुणालाच ठाऊक नाही. "म्हणजे ती आपल्याकडेच दुसरं लग्न करून आली असणार, सोळावी ढाल तिचीच!" — इति बाबा. आता यॉर्गनं मठात सगळ्या सरदारांपुढे तशी शपथ घ्यायची. तो कसला घेतोय!

११ नोव्हेंबर
घेतो म्हणाला!! गाढव!

बदक वाढलं होतं. बाबांनी खांद्यावर हात ठेवून "बाळ यॉर्ग" म्हटलं, आणि हा विरघळला. "काका, तुमच्यासाठी काय वाट्टेल ते! शब्द दिला." वर लगेच मला मागणीही घातली. बाबा इतके खूश की मठबिठ विसरून "हो" म्हणणार, तेवढ्यात पाद्री किलियान तंगडी चोखत म्हणाले, "छे छे! एकाच खापरपणजीची लेकरं तुम्ही. चार पिढ्यांपर्यंत लग्न होत नाही."

यॉर्गचा घास घशातच अडकला. मी त्याच्या पाठीत धपाटे घातले. जरा जास्तच जोरात.

१२ नोव्हेंबर
यॉर्ग रडवेला. म्हणे, सरदारानं दिलेला शब्द फिरवला तर नदीच्या दोन्ही काठांवर तोंड दाखवता येणार नाही. रोमहून परवानगी आणायची? तोवर माझे केस पिकतील. बाबांना म्हटलं, "नसलेल्या बाईपायी असलेल्या पोरीला गाडताय!" ते फळीकडे बघत म्हणाले, "पाचशे वर्षांचं घराणं आहे, पोरी." पाचशे वर्षांत दोन लढाया हरले आणि एकीला उशिरा पोचले, ते घराणं!

१४ नोव्हेंबर
बाबांशी बोलत नाही. ते जेवत नाहीत. मीही नाही. आई एकटीच जेवते आणि दोघांना शिव्या घालते.

१६ नोव्हेंबर
मठातून परत आलो.

सगळे सरदार जमले होते. यॉर्गनं शपथेला हात वर केला, पांढराफटक पडला होता. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग उठून त्याचा हात धरून खाली आणला आणि भर सभेत ओरडले, "माझी पणजी बिअरवाल्याची पोर होती! लिहून घ्या!"

आणि यॉर्गचा हात काही सोडला नाही.