सुरईवरचे तपकिरी ठिपके

इचिकावा,
शनिवार, १९ ऑक्टोबर २०१३

चि. अश्लेषा,
अनेक आशीर्वाद.

सगळे ठीक. उल्हासची सर्दी गेली. तुझा भाचा अद्वय काल पुन्हा तुझ्याबद्दलच बोलत होता. तुझ्याशी जपानीत खिदळतो आणि मी मराठीत काही विचारलं की "नानी?", म्हणजे 'काय?', म्हणून जपानीतच तोंड वाकडं करतो. मला तेही खुपतं. पण पत्र त्यासाठी नाही.

फोन करणार होते. पण तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा गोड गोड बोलले असते. म्हणून लिहितेय. हे पाकीट आजच सायकलवर एदोगावाला येऊन तुझ्या पेटीत टाकीन.

मार्च २०११ च्या भूकंपात आपल्या लॅबच्या फडताळातून ती हिरवी चिनी सुरई पडली. सोळाशे वर्षांपूर्वीची, कोंबड्याच्या डोक्याची चोच असलेली. तिचे एकशे बारा तुकडे मी दोन वर्षं जुळवले. पाठ गेली, डोळे गेले. या एप्रिलमध्ये मीच आपल्या सरांच्या, सेन्सेईंच्या, मागे लागून तुला इथे आणलं, आणि त्यांनी परिषदेत वाचायचा सुरईवरचा निबंध तुला दिला. का, तर अश्लेषासानचं जपानी चांगलं! घर मी सारवायचं आणि रांगोळीचं कौतुक तुझं.

जळले गं मी. मावसबहीण असून जळले. तू सेन्सेईंना हसवायचीस तेव्हा मी बेसिनवर ब्रश धूत बसायची.

मग तू मसुदा वाचायला दिलास. सुरईच्या काठावरचे तपकिरी ठिपके म्हणजे जमिनीतल्या गंजाचे डाग, असं त्यात लिहिलंयस. तू विचारलंस, "ताई, हे डाग मातीचेच ना?" मी म्हटलं, "तू नीट बघितलंयस ना, मग झालं." आणि दोन स्वल्पविराम सुधारून मसुदा परत दिला.

मला माहीत होतं, अश्लेषा. ते डाग नाहीत, नक्षी आहे. कुंभाराने भाजण्याआधी लोहाच्या मातीचे ठिपके मुद्दाम दिलेत. तुकडे सुटे होते तेव्हा फुटलेल्या कडेवर तो तपकिरी रंग हिरव्या झिलईत विरघळून आत उतरलेला मी भिंगातून बघितला. आता कडा चिकटवल्यात. तुला दिसणार कुठून? सेन्सेई पडले रसायनवाले. पण गुरुवारी परिषदेत समोर बसणार आहेत ती चिनी भांड्यांतच हयात घालवलेली माणसं. ते हसणारही नाहीत. "खूप शिकायला मिळालं" म्हणून वाकतील, आणि पुन्हा कधी बोलावणार नाहीत. मला तेच बघायचं होतं. पहिल्या रांगेत बसून.

चार दिवस वाट बघितली, मनाला बरं वाटेल म्हणून. वाटलं नाही.

सोबत कडांचे नऊ फोटो आहेत. मसुदा बदलायला चार दिवस पुरतील. सेन्सेईंना काय सांगायचं ते सांग, मी नाकारणार नाही. शेवटी आभारांत माझं नाव आहे ते काढ. घालायचं तर वर, तुझ्या नावाशेजारी घाल. नाही घातलंस तरी फोटो वापर. मी अजून जळतेच आहे, ते काही एका पत्राने विझायचं नाही.

ताई म्हणायचं की नाही, ते आता तू ठरव.

दमयंती