तटावरचा हात

हडपसर,
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय अवधूतदादास,
वैष्णवीचा नमस्कार. घोट्याचं प्लॅस्टर कधी निघणार? मावशीला सांग, आईनं लसणाची चटणी करून ठेवली आहे. लोणीकडे कुणी निघालं की पाठवते.

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू "जाऊ दे गं" म्हणतोस आणि मी लगेच जाऊ देते. म्हणून लिहिते आहे.

राजगडचा तो फोटो प्रदर्शनात लागला. संजीवनी माचीच्या टोकाला बसून मागे वळून काढलेला. ढग फाटून बालेकिल्ल्यावर पिवळं ऊन उतरलंय आणि तटावर रेनकोटमधला एक माणूस हात उंचावून उभा आहे. परवा एक काकू बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "किती आनंद झालाय बघा त्याला!" मी "हो ना" म्हटलं. असं मी बऱ्याच जणांना म्हटलंय.

तू ग्रुपला पुढे लावून माझ्या एकटीसाठी परत आला होतास. तटावरून ओरडत होतास, "वैष्णवी, आवर! पुन्हा ढग आला तर वाट दिसायची नाही." वाऱ्यात ऐकूच आलं नाही, असं मी खाली आल्यावर सगळ्यांना सांगितलं. खोटं होतं ते, दादा. शब्द न् शब्द ऐकू येत होता. पण मी ओ दिली असती तर तू हात खाली घेतला असतास. आणि फ्रेममध्ये तो हात फार छान दिसत होता.

मग चोर दरवाजाच्या उतारावर अंधार झाला. माझी कॅमेऱ्याची बॅग तुझ्याच खांद्यावर होती, तेव्हा तुझा पाय घसरला. एवढं होऊन ग्रुपवर तू लिहिलंस, 'वेळेचा अंदाज चुकला, चूक माझी.' ग्रुप चालवणाऱ्या संभाजीसरांनी तुझं लीडरपद काढलं. पावसाळी ट्रेक नेणं म्हणजे तुझा जीव की प्राण, हे मला ठाऊक होतं, आणि त्या मेसेजखाली मी नुसते हात जोडले. माझी मलाच लाज वाटते.

आज सकाळी ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. सरांचा फोन आला. "आठवलं का? छान. रविवारी मीटिंगला या." तुझं पद परत देतील की नाही, माहीत नाही. मला बहुतेक काढतील. काढू देत.

फोटो उतरवा म्हटलं तर आयोजक ऐकेनात. मग मी खालची पट्टी तेवढी बदलून आले. आधी 'उन्हाचं स्वागत' होतं. आता 'अवधूतदादा मला परत बोलावतोय' असं आहे.

दुपारी त्याच काकू पुन्हा आल्या, सोबत मैत्रिणीला घेऊन. नवी पट्टी त्यांनी वाचली, चष्मा पुसून परत वाचली आणि मला विचारलं, "मग? गेलात ना लगेच?"

तुझ्या हाकेला आज ओ देणारी,
वैष्णवी