कॅसेटीला दिलेला होकार

३ नोव्हेंबर २००३, सोमवार

आले बाई एकदाची जामसंड्याला! फोंडाघाटाहून एसटीत बसले ती मांडीवर लाडवांचा डबा घेऊन. शेजारच्या बाईने जामसंडे येईपर्यंत आपल्या सुनेच्या कागाळ्या सांगितल्या, त्यामुळे रस्त्याची वळणे कळलीसुद्धा नाहीत. माझी नात उर्वशी इथे बंदरावर बर्फाच्या कारखान्यात नोकरीला लागली. पोरगी एकटी, म्हणून सोबतीला मी. घर भाड्याचे, पण न्हाणीत नळ आहे हो! माझी शाळा तिसरीपर्यंत. उर्वशीने ही वही दिली, म्हणाली, रोज चार ओळी लिहीत जा, तेवढाच वेळ जाईल.

५ नोव्हेंबर

इथल्या सकाळची मजा लिहायलाच हवी. आधीच्या भाडेकरूंनी एक टेपरेकॉर्डर टाकून दिलाय, आत एक कॅसेट. कामावर निघण्याआधी उर्वशी ती लावते. म्हणते, मन कसे वर येते, मग दिवसभर थंडीत उभे राहायचे काही वाटत नाही. आणि खरेच! तबला, बासरी, गोड गळ्याचा कुणी बुवा. "सूर्य आला, पाऊल उचल" म्हणतो आणि थांबतो. "आजचा दिवस तुझा" म्हणतो आणि थांबतो. तो थांबला की माझ्या तोंडून आपोआप सुटते, "व्हय म्हाराजा!"

काय करणार, जन्माची सवय. आमचे हे गावच्या देवळात गाऱ्हाणे घालायचे. देवापुढे नारळ ठेवून एकेक मागणे म्हणायचे आणि ते थांबले की आम्ही सगळ्यांनी होकार द्यायचा. मागणे नीट कानात शिरायच्या आधी होकार तयार! उर्वशी हसून वाकली. "आजये, टेपरेकॉर्डराकय नारळ ठेवूया काय गो?" मग मी हातात पळी घेऊन नाचलेसुद्धा. या वयात!

१० नोव्हेंबर

आज बुवाने नवी ओळ म्हटली. "दारची तुळस आम्हाला." मी होकार देऊन मोकळी, मग डोक्यात शिरले. संध्याकाळी बघते तर तुळस काडी होऊन उभी. शेजारची सावित्री म्हणाली, पाणी घालूक इसारलंस. मी म्हटले, व्हय, इसारलंय. नवीन जागी आल्याआल्या तुळस घालवली, लाजच वाटली.

उर्वशीला विचारले, तर तिने अशी ओळ ऐकलीच नाही.

१३ नोव्हेंबर

आज होकार द्यायचा नाही असे ठरवूनच बसले होते. पण तो थांबला की थांबतोच, बासरी पण श्वास धरते, आणि माझी मेली जीभ! "अंगातली ऊब आम्हाला," म्हणाला तो.

उर्वशी कामावरून आली ती उंबऱ्याबाहेर उभी. मी ये म्हणेपर्यंत आत आलीच नाही. हात बर्फ. बर्फाच्या कारखान्यातला माणूस, हात गार असायचेच, असे मनाला सांगितले. चुलीपुढे बसवून तेल चोळले. गारच.

तिला सांगायला हवे होते. काय सांगू? तुझी ऊब मी देऊन टाकली?

१४ नोव्हेंबर

सावित्रीला विचारले, पण आमच्या गावच्या एका बाईची गोष्ट म्हणून. खोटारडी मी. ती म्हणाली, दिलेला होकार मागे घेता येत नाही. फार तर आपण आपले गाऱ्हाणे घालावे, दुसरे काही पुढे ठेवावे. मग म्हणाली, तुमच्या आधीची भाडेकरीण अशीच एका सकाळी कामाला गेली ती आलीच नाही. तिचा नवरा गाण्याच्या नादात मोठमोठ्याने साथ द्यायचा म्हणे.

मग विचारले तिने, "ती बाई तूच मा गो?"

मी नाही म्हटले.

१७ नोव्हेंबर

उर्वशी आता जेवत नाही. मला आजी म्हणत नाही. भिंतीकडे बघून गुणगुणते.

ती न्हाणीत असताना कॅसेट काढली, फीत उपसून चुलीत घातली. जळाली. डोळ्यांनी बघितली.

१८ नोव्हेंबर, सकाळ

गाणे चालू आहे. टेपरेकॉर्डर रिकामा — गाणे उर्वशीतून येते. ओठ मिटलेले. तबला, बासरी, बुवा, सगळे तिच्यातून.

एक पाय उंबऱ्याच्या बाहेर. "जी बाहेर पडते ती आमची." आणि थांबली. माझ्याकडे बघते.

पदर तोंडात कोंबलाय. लिहिते आहे म्हणून हात तरी ताब्यात —

अजून थांबलीय. ओठ निळे झाले. श्वास नाही घेत. होकार दिला तर जाणार, नाही दिला तर अशीच —

दारात सावित्री आली. विचारते, काय झालां गो? शरमेने मान वर होत नाही.

सांगितले. सगळे. तिने तोंडावर हात ठेवला.

नारळ ठेवला उंबऱ्यावर. आमचे हे देवळात म्हणायचे तसेच म्हटले. बा देवा म्हाराजा, जो कोण असशील तो, चूक माझ्या जिभेची, पोर अजाण आसा. तिका सोड. तिच्या बदल्यात ह्या म्हातारीक घे.

आणि थांबले —

भिंतीतून. वाशांतून. न्हाणीतून. किती जण ते! सगळे एकदम — व्हय म्हाराजा —

उर्वशी कोसळली. रडते. आजी म्हणाली! हात ऊन आहेत, ऊन ऊन —

सावित्री तिला बाहेर नेते. नेऊ दे. मागे बघू देऊ नकोस गो.

माझी बोटे गार. घशात काहीतरी वाजते, बासरीसारखे —

उर्वशी, वाचशील तेव्हा रागाव हो. लाजेपोटी गप्प राहिले बाय, नाहीतर पहिल्याच दिवशी तुका मी