एक ताट जास्त

९ डिसेंबर, मंगळवार

परिपाठाला दिनविशेष वाचला, मग पोरांनी रांगेत आकडे म्हटले. एकोणीस. ऊसतोडीला गेलेली सोडली तर तांड्यावर अठराच उरलीत. पुन्हा म्हणायला लावलं. एकोणीसच.

गंमत म्हणून दिनविशेषाच्या वहीत आजच्या पानावर लिहायला गेलो. आधीच्या दोन गुरुजींनी वेगवेगळ्या साली तेच लिहून ठेवलंय, 'आज एक मूल जास्त भरलं.'

खिचडीवाल्या शांताबाईला विचारलं. म्हणाली, "आजच्या दिवशी एक ताट जास्तच लागते, गुरुजी. मोजता कायले?"

ते ताट व्हरांड्यात होतं. चाटूनपुसून साफ.

शाळा सुटताना फाटकात उभा राहून मोजलं. बाहेर अठराच पडली.

कुलूप हातात होतं. न लावताच घरी आलो.