मंजूच्या गिटारची फळी

प्रिय मंजू,

आज तुझा फोन वाजला. तो मी अजून रोज चार्ज करून ठेवतो. का, ते विचारू नकोस. पडद्यावर नाव आलं, 'दत्ताराम मेस्त्री गिटार'. मी उचलला, आणि 'हॅलो' म्हणायच्या आत पलीकडून सुरू झालं, "गो चेडवा, मेलंस काय जिती आसस? गणपती गेले, शाळा रिकामी झाली. फळी घेवन कधी येतंस?"

त्याला कोणी कळवलंच नव्हतं गं! कळवणार कोण? कुडाळच्या पलीकडे राहणारा माणूस, त्याचं आणि आपलं नातं फक्त तुझ्या गिटारपुरतं. जन्मभर माइकसमोर उभा राहिलेला तुझा बाप फोन कानाला लावून नुसता उभा राहिला. मग म्हणालो, "मेस्त्री, मी मंजूचा बाबा. मंजू गेली. भातलावणीत. लेप्टोचा ताप होता."

मग तो म्हणाला, "सर, गिटारची मान तयार आसा. तिच्याच मुठीच्या मापाची. दुसऱ्या कोणाक ती चलाची नाय. तुमी फळी हाडून द्या. मी पुरी करतंय."

म्हणून तुला लिहितोय. दुसऱ्या कुणाशी हे बोलता येणार नाही आणि न बोलता राहवत नाही.

तुला आठवतं, आपण दोघं तुझ्या स्कूटरवरून त्याच्याकडे पहिल्यांदा गेलो होतो? मी मागे बसून सारखा विचारत होतो, "घरात एक गिटार आहे, मग दुसरी कशाला?" तू वाऱ्यात ओरडून समजावत होतीस. साध्या गिटारपेक्षा हिची मान लांब असते, तारा जाड असतात, सूर खालचा लागतो. बॅरिटोन म्हणतात हिला. साध्या गिटारबरोबर गाताना तुला तुझा आवाज वर ओढावा लागायचा. शाळेत तुला समूहगीतातून काढलं होतं ना, आवाज मुलीसारखा नाही म्हणून! त्या आवाजाच्या मापाचं वाद्य तुला हवं होतं आणि ते दुकानात मिळत नव्हतं.

"बाबानु, तुमी कायम वरच्या पट्टीत," तू म्हणालीस. "घरात एकान तरी खाली रवाक नको?"

मेस्त्रीकडे पोचलो तर त्याने तुला आधी झापलं! "गणपती सांगूक येताना लोक घरचो पाट घेवन येतत ना? मगे गिटार सांगूक रिकाम्या हातान कशी इलंस? घरचां लाकूड घेवन ये."

पावसाळ्यात गणपती करायचे आणि उरलेलं वर्ष गिटार, हा त्याचा धंदा. आपल्याकडे घरचा पाट मूर्ती घडवतात त्या गणपतीच्या शाळेत जातो आणि त्याच पाटावर मूर्ती घरी येते, तो नियम त्याने सरळ गिटारला लावला होता. मला वाद घालायची खाज. "मेस्त्री, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" विचारलं.

"माझ्या," तो म्हणाला, आणि पुन्हा रंधा मारायला लागला. तू एवढी हसलीस की त्यालाही हसावं लागलं.

मग ती फळी. वादळात मागचा फणस पडला, तेव्हा काढून घेतलेल्या फळ्यांपैकी उरलेल्या तू अंगणात मांडल्यास. प्रत्येकीवर बोटाचं पेर ठोकून, कान लावून ऐकत बसलीस. मीही ऐकलं. मला काहीच कळलं नाही, नुसतं ठकठक. तू म्हणालीस, "तुमका कायव ऐकलास तरी टाळयेच ऐकाक येतत!" शेवटी एक निवडलीस. पिवळीधमक, एकही गाठ नसलेली. तू ती उचलून आईला दाखवायला गेलीस, जसा काही दागिना आणलास.

मेस्त्रीनेच ती घरी ठेवायला सांगितली होती. त्याच्या शाळेत ओली माती, तिथे लाकूड ओल धरणार. त्याने आधी मान घडवायला घेतली. तुला बोलावून मूठ मिटायला लावायचा, थोडं तासायचा, पुन्हा मिटायला लावायचा. बाकीचं अंग गणपती झाल्यावर. म्हणून तू ती फळी मागच्या पडवीत आढ्याला सुंभाने बांधून ठेवलीस, चुलीच्या उबेला.

आणि मग पायाला चिरलेलं असताना चिखलात उतरलीस, लेप्टो तिथूनच शिरला! बूट घाल म्हटलं तर म्हणालीस, "बूट घालून लावणी करतत काय कोण?" का ऐकलं नाहीस गं? एवढं एक का ऐकलं नाहीस?

तुझ्या तापाबद्दल लिहायला घेतलं तर माझी लेखणी पेटेल. या जिल्ह्यात माणूस जास्त आजारी पडला की एकच वाक्य ऐकायला मिळतं, 'गोव्याला न्या'. त्या वाक्यावर मी किती सभा गाजवल्या! लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी घाम पुसत खाली उतरलो. आणि तुझ्या वेळी तेच वाक्य मी एका कॉरिडॉरमध्ये उभा राहून मुकाट ऐकलं आणि रुग्णवाहिकेत तुझ्या पायाशी बसलो. गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याच्या अलीकडेच तू डोळे मिटलेस. माझ्या सगळ्या भाषणांचं फळ हेच ना?

आपल्या स्मशानाला शेड नाही, हेही मीच ओरडून सांगत होतो. देवळाच्या मंडपाला पत्रे मिळतात, माणसाला जळताना डोक्यावर चार पत्रे मिळत नाहीत! तुला नेलं त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की समोरचा माड दिसत नव्हता. मी एका दगडावर खाली मान घालून बसलो होतो. कोण काय करतंय, मला काही दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने आग लागली, एवढं आठवतं.

आता आजचं सांगतो.

मेस्त्रीचा फोन ठेवला आणि, मंजू, कित्येक दिवसांनी मला काहीतरी करावंसं वाटलं. तुझी गिटार होणार! तू नाहीस, पण तुझ्या मुठीच्या मापाची मान आहे, तू कान लावून निवडलेलं लाकूड आहे. कुणीतरी ती वाजवेल आणि तू म्हणायचीस तो खालचा सूर या घरात एकदा तरी ऐकू येईल. शोकसभांत मी नेहमी म्हणत आलो, माणूस आपल्या कामातून उरतो. किती घरांत जाऊन हे सांगितलं असेल! आज वाटलं, बघू तरी खरं आहे का. मागच्या पडवीकडे मी जवळजवळ धावत गेलो.

आढ्याला नुसता सुंभ लोंबत होता. कापलेला.

पडवी उपसली. माळा पाहिला. तुझ्या खाटेखाली पाहिलं. आई दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "बबनाक इचारा. त्या दिवशी लाकडां त्येनीच काढल्यान."

मला वाटतं तिला माझ्याआधी कळलं होतं.

आपल्या शेजारच्या बबनकडे मी भांडायला गेलो, तुला खोटं सांगणार नाही. वाटेत मनात भाषण तयार होत होतं. न विचारता दुसऱ्याच्या घरात हात घालणारी माणसं, अक्कल न वापरता हातात येईल ते उचलणारी माणसं! तो खळ्यात बसून कापणीसाठी कोयती परजत होता.

"येवा सर. बसा. च्याय ठेवक सांगतंय."

"बबन, त्या दिवशी आमच्या पडवीतून लाकडं तू काढलीस?"

"मीच. कित्या?" त्याने कोयती खाली ठेवली. त्याला वाटलं मी आभार मानायला आलोय. त्याचे डोळे लगेच भरले. "खरां सांगू सर? त्या दिवशी माका वाटला, चेडवाक अर्धवट ठेवन घराक येवचा लागतला. आंब्याची लाकडां चिंब भिजलेली. रॉकेल ओतलां, टायर टाकलो. नुसतो धूर. पेट काय घेय नाय. तुमी थंय दगडार बसलेलास, तुमच्याकडे बगूक धीर होय नाय. मगे धावत तुमच्या पडवीत इलंय. आढ्याक एक फळी बांधलेली. सुकी खणखणीत! थंयच कुऱ्हाडीन चिरलंय, प्लास्टिकात गुंडाळून नेलंय आणि खाली सारलंय. त्या एका फळयेन पेट घेतल्यान, सर. ती नसती तर..."

त्याने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. "देवान ठेवलेली ती."

मंजू, 'देवाने ठेवलेली' हे माझ्यासमोर, देव न मानणाऱ्या माणसासमोर! एरवी मी त्याला उभा सोलला असता. पण माझ्या डोळ्यांसमोर फक्त तू होतीस, अंगणात उकिडवी बसून, फळीला कान लावून. आणि त्याच फळीवर कुऱ्हाड. त्याच फळीच्या पिवळ्या ढलप्या तुझ्याखाली.

"कशाक ठेवलेलास ती?" त्याने विचारलं.

"कशाला नाही," मी म्हणालो. "पडून होती."

चहा प्यायलो. घरी आलो.

घरात एवढी पुस्तकं आहेत. संध्याकाळभर त्यांच्यासमोर उभा होतो. मरणाबद्दल किती जणांनी किती लिहिलंय, मी किती पाठ केलंय, किती ठिकाणी फेकलंय! एकालाही हे ठाऊक नाही की मुलीचं वाद्य मुलीच्याच चितेत गेलं, तर बापाने त्यानंतर काय करायचं. सगळी भरलेली कपाटं आणि एक ओळ कामाची नाही.

मेस्त्रीला फोन केला. सांगितलं, फळी वाळवीने खाल्ली.

"फणसाक वाळवी?" तो म्हणाला. "सर, फणसाक वाळवी लागणा नाय."

मी 'लागली' एवढंच म्हणालो. मग तो हळूच म्हणाला, "बरां. दुसरी फळी बगूया? माझ्याकडे सागाची आसा."

नको म्हणालो. त्याने आग्रह केला नाही. ती मान त्याच्याकडेच राहील. मला ती आणायला जाणं जमणार नाही, मंजू. तुझ्या मुठीच्या खोबणीत माझं बोट ठेवायची ताकद माझ्यात नाही. तुझी गिटार होणार नाही. कुणीही ती कधी ऐकणार नाही. माणूस कामातून उरतो म्हणे! पुन्हा कुठल्याही शोकसभेत मी हे वाक्य बोलणार नाही, ते खोटं आहे.

पण एक वचन देतो. बबनला मी कधीही सांगणार नाही. आईचं आणि माझं यावर एका शब्दानेही बोलणं झालेलं नाही, तरी ते ठरलेलं आहे. एका सुक्या फळीने पेट घेतला ही गोष्ट बबन वाडीत सगळ्यांना सांगतो, असं आज कळलं. अजून खूप वर्षं सांगेल, कुणाच्या बाराव्याला, कुणाच्या लग्नाच्या मांडवात, माझ्यासमोरही. तुझा बाप, ज्याने समोरच्याचं चुकीचं वाक्य आजवर कधी तसंच जाऊ दिलं नाही, तो शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकेल. तो 'देवान ठेवलेली' म्हणेल, तेव्हा मी होकार देईन. त्या माणसाने तुला पावसात अर्धी राहू दिली नाही. त्याने काय तोडलं, ते त्याला मरेपर्यंत कळता कामा नये.

तुझा,
बाबा